चार वाजताच्या माश्या

माझे मोठे काका खंडेराव सांगळे एकतीस वर्षं एसटीत होते. शेवटची अठरा वर्षं ते नाशिकच्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते, म्हणजे काचेच्या केबिनमध्ये बसून माईकवरून गाड्या पुकारणारे आणि प्रत्येक गाडीची सुटायची वेळ सांभाळणारे. येवल्याची गाडी सहा मिनिटं उशिरा निघाली तर त्या दिवशी त्यांना जेवण गोड लागत नसे. मी सिन्नरहून प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करायला आले आणि सिडकोतल्या त्यांच्या घरी राहू लागले, तेव्हा त्यांना रिटायर होऊन दोन वर्षं झाली होती.

त्या दोन वर्षांत त्यांचं सगळं वेळापत्रक विस्कटून गेलं होतं. कधी पहाटे तीनला उठून बसायचे, कधी नऊपर्यंत झोपायचे. जेवण एक दिवस अकराला, दुसऱ्या दिवशी अडीचला. त्यात शुगर निघाली आणि ती काही केल्या खाली येईना. विमलाकाकूनं घरातून गोड पदार्थ हद्दपार केले. साखरेचा डबा माझ्या कपाटात कुलपात गेला. गुळाची ढेप शेजारच्या नवसाबाईंकडे ठेवायला दिली. सकाळी मेथीचं पाणी, जेवणात ज्वारीची भाकरी, रात्री पातळ मूग. तरी मार्चमधला रिपोर्ट आला तो उपाशीपोटी दोनशे चाळीस.

"ह्यात काहीतरी गडबड हाय," काकू मला स्वयंपाकघरात हळू आवाजात म्हणाली. "मी घालते तेवढंच खात असतील तर एवढी येईलच कशी?"

काकू रोज तीन ते साडेपाच शिवणक्लास घ्यायची, कॉलनीच्या समाजमंदिरात. मी कॉलेजात. त्या अडीच तासांत काका घरात एकटे असायचे. काकूला संशय होता, पण पुरावा नव्हता. तिचं बिछान्याखाली, पंपाच्या पेटीत, धुण्याच्या बादलीत, सगळीकडे शोधून झालं होतं.

पुरावा एका रविवारी उडत आला.

क्लासला सुट्टी होती. आम्ही तिघं दुपारी गॅलरीत बसलो होतो. काका पेपर वाचत होते, काकू ब्लाउजची काजं करत होती. चार वाजायला दहा-बारा मिनिटं असतील, तेवढ्यात एक मधमाशी आली आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर उतरली. स्टुलावर काहीच नव्हतं. ती कडेकडेनं चालत गेली, फिरली, पुन्हा चालत आली. तिच्यामागून दुसरी आली, मग तिसरी. चार वाजेपर्यंत अकरा माश्या त्या रिकाम्या स्टुलावर हरवलेली वस्तू शोधावी तशा फिरत होत्या.

"ह्या इथं काय हुडकतायत?" काकू म्हणाली.

मी नको ते बोलून गेले. अगदी आठवड्यापूर्वीच पगारे मॅडमनी वर्गात शिकवलं होतं, त्याचा उत्साह होता. "काकू, मधमाश्यांना वेळ कळते. एखाद्या जागी रोज ठरावीक वेळेला गोड मिळालं की ती जागा आणि ती वेळ दोन्ही त्यांच्या लक्षात राहतात. मग त्या बरोबर त्याच वेळेला येतात. दिवसभर फेऱ्या मारत नाहीत."

काकूनं सुई ब्लाउजात टोचून ठेवली. घड्याळाकडे पाहिलं. मग काकांकडे.

"म्हणजे इथं रोज चार वाजता गोड असतं," ती म्हणाली.

काकांनी पेपर खाली घेतला, घडी घातली आणि आत गेले. परत आले ते बुटांचं खोकं घेऊन. एसटीच्या खाकी गणवेशाबरोबर वापरायचे ते काळे बूट त्यात होते आणि डाव्या बुटात काकवीची बाटली. अर्ध्याहून जास्त संपलेली.

"कोपऱ्यावरच्या दिनेशच्या दुकानातून आणली," ते म्हणाले. "चपातीसंगं चमचाभर खायचो. बाकीची बशीत ह्यांच्यासाठी ओतायचो."

"चमचाभर," काकू म्हणाली.

"दोन चमचे."

काकू ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं बाटली उचलली, मोरीत ओतली, पाणी सोडलं आणि दुसऱ्या दिवसापासून शिवणक्लास आठ दिवस बंद असल्याचं कळवून टाकलं. रोज तीन ते पाच ती गॅलरीत खुर्ची टाकून बसू लागली. काका आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडायचे. दोघांचं बोलणं माझ्यामार्फत. "काकांना विचार, भाजी वाढू का?" काका तिच्यापासून दोन हातांच्या अंतरावर बसलेले असायचे.

माश्या मात्र येत राहिल्या. सोमवारी दहा, मंगळवारी नऊ, बुधवारी सहा. चारच्या सुमारास यायच्या, स्टूल तपासायच्या आणि जायच्या. शुक्रवारी दोनच आल्या. त्या संध्याकाळी मी भाजी निवडत असताना काकू म्हणाली, "आज दोन होत्या. बिचाऱ्या पाच मिनिटं फिरल्या आणि गेल्या." तिच्या आवाजात अपराध्यासारखं काहीतरी होतं.

मी काकांकडे गेले आणि सरळ विचारलं, की काकवी खायची इच्छा होती तर होती, पण माश्यांना का घालत होता?

ते भिंतीकडून माझ्याकडे वळले. "पहिल्या दिवशी बशी उघडी राहिली, तर एक आली," मग म्हणाले. "दुसऱ्या दिवशी त्याच टायमाला चार आल्या. आठवड्यात दहा-बारा. सायली, मी रिटायर झाल्यापासनं ह्या घरात चार वाजले काय आणि पाच वाजले काय, कोणाचं काही अडत नव्हतं. ह्या यायला लागल्या तसं मला पावणेचारला उठून तयारीनं बसावं लागायचं. एक दिवस मला झोप लागली आणि सव्वाचार झाले, तर त्या बशीभोवती थांबलेल्या. लय वाईट वाटलं."

हे मी काकूला जसंच्या तसं सांगितलं. तिनं मेथीची जुडी सोडली, पुन्हा बांधली, पुन्हा सोडली.

माझा एम.एस्सी.चा प्रोजेक्ट तेव्हा नुसता लोंबकळत होता. संजना पगारे मॅडम माझ्या मार्गदर्शक. त्यांनी कॉलेजच्या गच्चीवर सातेरी या देशी जातीच्या माश्यांच्या दोन पेट्या पाळल्या होत्या. आमच्या गॅलरीत यायच्या त्याही सातेरीच, कंपाउंडच्या भिंतीतल्या पोकळीत त्यांचं पोळं होतं. मी मॅडमना सगळी हकीकत सांगितली. त्या हसल्या नाहीत. त्यांनी वही पुढे ओढली आणि मला विचारलं, "तुझ्या काकांना रोज एक तास बसवेल?"

काकूची परवानगी काढायला मॅडम स्वतः घरी आल्या. काकूनं ऐकून घेतलं आणि अटी घातल्या. साखरेचं पाणी ती स्वतः बनवणार. त्यातला थेंबही काकांनी तोंडात घालायचा नाही. आणि तिसरी अट तिनं थेट काकांकडे बघून सांगितली, आठ दिवसांनंतर पहिल्यांदाच. "माश्यांना जशी वेळ, तशी तुम्हालाही. साडेसातला नाष्टा, साडेबाराला जेवण, संध्याकाळी साडेसातला जेवण. एक मिनिट इकडचं तिकडं चालणार नाय."

"कबूल," काका म्हणाले.

"थेंबसुद्धा नाय."

"शब्द दिला ना."

दहा दिवस काकांनी बरोबर चार ते पाच या वेळेत बशी ठेवली. माशी पाणी पिण्यात गुंग असताना काडीच्या टोकानं तिच्या पाठीवर रंगाचा बारीक ठिपका ठेवायचा, म्हणजे कोणती कधी आली ते कळतं. मॅडमनी एकदा दाखवलं आणि त्यांचे जाड हात ते काम माझ्यापेक्षा हलकेपणानं करू लागले. रंगांना त्यांनी मार्गांची नावं दिली. पांढरा ठिपका सिन्नर, पिवळा येवला, हिरवा इगतपुरी, लाल त्र्यंबक, आणि दोन-दोन रंगांच्या जोड्यांना पुढची गावं. रात्री जेवताना ते काकूला सांगायचे, "आज इगतपुरी दोनदा आली. सिन्नर पहिली." काकू "हं" म्हणायची, पण ऐकायची. पुढे पुढे विचारायलाही लागली.

अकराव्या दिवशी परीक्षा होती. बशी रिकामी ठेवायची आणि सकाळी सातपासून संध्याकाळी सहापर्यंत कोण कधी येतं ते फक्त टिपायचं. काका अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून सातला बसले. नाष्टा आणि जेवण काकूनं त्यांना तिथंच नेऊन दिलं, ठरल्या वेळेला. सकाळी दोन माश्या डोकावून गेल्या. दुपारी एक. साडेतीननंतर मात्र रीघ लागली. ठिपक्यांच्या तेवीस माश्यांपैकी एकोणीस साडेतीन ते साडेचारमध्ये येऊन गेल्या. त्यातल्या बऱ्याचशा चारच्या थोड्या आधीच.

"पंधरा मिनिटं आधी येऊन उभ्या," काका म्हणाले. एवढे खूश मी त्यांना कधी पाहिले नव्हते. "असे ड्रायव्हर मला मिळाले असते तर."

पण त्यांच्या डोक्यात शंका होती. "ह्या सूर्य बघत असतील," ते मला म्हणाले. "ह्या ग्रिलची सावली बघ. चार वाजता बरोबर त्या तिसऱ्या फरशीवर येते. मलाच घड्याळ लागत नाय, तर त्यांना कशाला लागंल?"

"मॅडम म्हणतात घड्याळ त्यांच्या शरीरात असतं."

"मग त्यांना सूर्य न दिसंल अशा जागी कोंडून बघा."

मी हे मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या, अगदी हेच करायचं. कॉलेजात फोटो धुण्याची एक जुनी अंधारी खोली होती, एकही खिडकी नसलेली. प्रयोगशाळेतले शिपाई वाळूभाऊ यांनी ती झाडून दिली, दाराला दुहेरी काळा पडदा लावला. गच्चीवरची एक पेटी त्या खोलीत ठेवली. छताला ट्यूबलाइट, आपोआप सकाळी सहाला लागणाऱ्या आणि संध्याकाळी सहाला बंद होणाऱ्या. दुसऱ्या टोकाला टेबलावर बशी. काका रोज सिटी बसनं कॉलेजात यायचे, माझ्यापेक्षा नियमितपणे. डब्यात काकूनं दिलेली भाकरी साडेबाराला वाळूभाऊंबरोबर खायची आणि चार वाजता खोलीत बशी भरायची. माश्या काही दिवसांत त्या खोलीला सरावल्या. दहा दिवसांनंतर रिकामी बशी ठेवली, तर इथंही त्या चारच्याच सुमाराला आल्या. ना सूर्य, ना सावली.

काकांनी हार मानली, पण लगेच पुढचा प्रश्न काढला. "आपण दिवे लावायची वेळच बदलली तर?"

मॅडमचीही पुढची पायरी तीच होती. दिव्यांची वेळ चार तास अलीकडे आणली. आता ट्यूब पहाटे दोनला लागणार, दुपारी दोनला बंद होणार. बशी रिकामीच. मधल्या दिवसांत माश्यांना पेटीतला मध होता. माश्या आपल्या जुन्या चारला येतील म्हणावं तर चारला खोलीत अंधार असणार. उजेडानं त्यांचं घड्याळही अलीकडे ओढलं, तर त्या बाराच्या आसपास यायला हव्यात. रोज दहापासून दोनपर्यंत बसून मोजायचं होतं. काका त्या कामाला बसले.

पहिल्या दिवशी माश्या दिवे जायच्या थोड्या आधी, पावणेदोनच्या पुढे आल्या आणि मध्येच अंधार झाला. दुसऱ्या दिवशी एकच्या पुढे. काका रात्री सांगत होते, "सरकतायत. रोज थोड्या थोड्या सरकतायत."

तिसऱ्या दिवशी त्यांनी बाराला जेवणाआधीची शुगरची गोळी घेतली. साडेबाराला उठून बाहेर डबा खायचा होता. पण सव्वाबाराला पहिली माशी बशीवर उतरली आणि मग एकामागून एक येत राहिल्या. काका उठले नाहीत. मला नंतर म्हणाले, "पाच मिनिटं थांबू म्हटलं. मग वाटलं अजून पाच." डबा पडद्याबाहेर पिशवीत राहिला. वाळूभाऊ वाट बघून एकटेच जेवले. त्यांना वाटलं, काका आज घरून खाऊन आले असतील.

दीडला ते आत डोकावले. काका टेबलाची कड धरून बसले होते. सदरा घामानं भिजलेला, हात थरथरत होते, कागदावरचे आकडे ओळीखाली घसरत गेले होते. ओठांभोवतीचा रंग गेलेला.

"काय होतंय, साहेब?"

"शुगर उतरली असंल," काका म्हणाले. जीभ जड झाली होती.

त्यांच्या हातापासून वीतभर अंतरावर साखरेच्या पाण्याची बाटली होती, प्रयोग संपल्यावर बशीत ओतण्यासाठी काकूनं दिलेली. वाळूभाऊंनी ती उचलली तर काकांनी हातानं बाजूला सारली.

"ते नको," म्हणाले. "घरी शब्द दिलाय."

वाळूभाऊंनी त्यांचं ऐकलं नाही. एका हातानं त्यांचं डोकं धरलं, दुसऱ्या हातानं बाटली ओठाला लावली आणि घोट घोट करून अर्धी पाजली. मग मला वर्गातून बोलवायला एक विद्यार्थिनी पाठवली. मी पळत पोचले तोवर काकांच्या चेहऱ्यावर जरा रंग आला होता. पहिलं काय विचारावं त्यांनी, तर "आकडे वाचता येतात का बघ."

आम्ही त्यांना रिक्षानं डॉक्टरकडे नेलं. तिथं पुन्हा मोजली तेव्हा शुगर त्र्याऐंशी होती. डॉक्टर म्हणाले, बाटली पाजली नसती तर पुढचं सांगवत नाही. जुने कागद आणि त्याच आठवड्यातली तपासणी शेजारी ठेवून त्यांनी काकांना विचारलं, जेवणात काय बदल केला? मी सांगितलं, पदार्थ तेच, फक्त काकवी गेली आणि वेळा ठरल्या.

"त्यामुळंच," डॉक्टर म्हणाले. "शुगर पुष्कळ उतरलीय. ही गोळी तुम्हाला आता जास्त होतेय. अर्धी करू. आणि कितीही महत्त्वाचं काम असलं तरी गोळी घेतल्यावर जेवायचं."

तेवढ्यात काकू आली. शिवणाची टेप गळ्यात तशीच होती. तिला मी फोनवर सगळं सांगितलं होतं. तिनं पलंगाशी येऊन काकांच्या कपाळाला हात लावला, मग हात काढून घेतला.

"बाटली समोर होती?" तिनं विचारलं.

"होती."

"आणि प्यायला नाहीत."

"थेंब तोंडात घालणार नाय म्हटलं होतं ना तुला."

काकू स्टुलावर बसली. बराच वेळ तिनं पदर तोंडाला लावून धरला. "असला शब्द मी मागितलाच कशाला," ती शेवटी म्हणाली. "जीव चालला होता, तरी शब्द धरून बसले."

"मागितलास ते बरं केलंस," काका म्हणाले. "रिटायर झाल्यापासनं मला कोणी काही मागितलंच नव्हतं."

काकूनं नाक पुसलं आणि डॉक्टरांना विचारलं की खिशात साखर ठेवली तर चालेल का. चालेल नाही, ठेवायलाच हवी, असं त्यांनी सांगितलं. त्या रात्री तिनं काकांच्या सहाही सदऱ्यांना आतून एकेक छोटा खिसा शिवला, बटणाचा, आणि प्रत्येकात साखरेची पुडी घातली. माझ्या कपाटातला डबा काढायला तिनं स्वतः किल्ली मागितली.

प्रयोगाचे आणखी दोन दिवस बाकी होते. काकांना काकूनं घराबाहेर पडू दिलं नाही आणि माझी प्रात्यक्षिक परीक्षा होती. मी मॅडमना कळवायला निघाले की दोन दिवसांची मोजणी होणार नाही, तर काकू म्हणाली, "का नाय होणार? मला आकडे येत नाहीत काय?"

ती गेली. नऊवारी नेसणाऱ्या सासूच्या हाताखाली तयार झालेली, आयुष्यात प्रयोगशाळा न पाहिलेली माझी काकू दहा वाजता त्या अंधाऱ्या खोलीत ट्यूबलाइटखाली जाऊन बसली. काका घरी फोन मांडीवर घेऊन. पावणेबाराला तिचा फोन आला. "सिन्नर आली," ती हळूच म्हणाली, जणू मोठ्यानं बोललं तर माशी दचकेल. खोलीतल्या माश्यांनाही काकांनी तेच रंग दिले होते. मग पाच मिनिटांनी, "येवला. आणि दोन बिनठिपक्यांच्या." बारा वाजता, "आता लय झाल्या, फोन ठेवते, नायतर चुकंल."

दुसऱ्या दिवशीही तसंच. बहुतेक माश्या पावणेबारा ते सव्वाबारामध्ये आल्या. बाहेर गंगापूर रोडवर सगळ्या शहराचे बारा वाजलेले, पण त्या माश्यांच्या लेखी चार वाजले होते. त्यांचा दिवस रात्री दोनला उजाडत होता ना.

संध्याकाळी मॅडम घरी आल्या तेव्हा काकूनं पोहे केले आणि पोह्यांची बशी देताना त्यांना विचारलं, "म्हणजे घड्याळ त्यांच्या आतच हाय, पण त्याला किल्ली उजेड देतो. असंच ना?"

"असंच," मॅडम म्हणाल्या. "सकाळचा पहिला उजेड घड्याळ रोज जुळवून देतो. थंडी-उष्मा, खाणं मिळायची वेळ, ह्यांचाही हात असतो. पण मोठं काम उजेडाचं."

"माणसाचंही?"

"माणसाचंही बरंचसं."

दुसऱ्या दिवसापासून काकू साडेसहाला काकांची खुर्ची आतल्या खोलीतून उचलून मागच्या दारात, उन्हाच्या तिरिपीत ठेवू लागली. काकांनी कारण विचारलं नाही. चहा तिथंच घ्यायला लागले.

एप्रिलच्या शेवटी पेटी पुन्हा गच्चीवर हलवली. आम्ही सगळे गेलो होतो. वाळूभाऊंनी दार उघडलं तशा माश्या बाहेर आल्या, पेटीकडे तोंड करून हवेत डुलत राहिल्या, जागा ओळखून घेतल्यासारख्या, आणि मग लांब लांब घेरे घेत उडाल्या. काका वाकून प्रत्येकीची पाठ बघत होते.

"सिन्नर दिसत नाय," ते म्हणाले. "येवलापण नाय."

मॅडमनी त्यांना सांगितलं, की कामकरी माशी पाच-सहा आठवडे जगते. ठिपके दिलेल्या बहुतेक आता नसतील. ह्या त्यांच्या धाकट्या बहिणी.

काका सरळ उभे राहिले. काकू त्यांच्या शेजारी आली आणि तीही बघत राहिली. खाली रस्त्यावर रसवंतीच्या घुंगरांचा आवाज येत होता.

"मग ह्यांना चारची वेळ कोणी सांगणार?" काकांनी विचारलं.

"कोणी नाही. ह्यांना पुन्हा शिकवावं लागेल."

"बरं," काका म्हणाले. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "आणि दिवा कधी बंदच केला नाय तर? उजेडच उजेड. मग त्यांचं घड्याळ बंद पडंल, का आपलं आपण चालत राहील?"

मॅडम हसल्या. "ह्याचं उत्तर पुस्तकात आहे, पण मी सांगणार नाही. जूनमध्ये या, करून बघू."

मला प्रोजेक्टला चांगली श्रेणी मिळाली. अहवालात आभाराच्या पानावर मी दोघांची नावं लिहिली, श्रीमती विमला आणि श्री. खंडेराव सांगळे. काकूनं ते पान नवसाबाईंना दाखवून आणलं.

मे महिन्यात मॅडमनी काकांना एक रिकामी पेटी दिली. ती सिन्नरला आमच्या शेतात, विहिरीजवळच्या चिंचेखाली ठेवली. बरेच दिवस ती रिकामीच राहिली. मग एका सकाळी माझ्या वडिलांचा, संतोषभाऊंचा, फोन आला. चिंचेच्या खालच्या फांदीला माश्यांचा मोठा थवा येऊन लटकला होता, तो पेटीत घ्यायला दादाला लवकर पाठव म्हणाले.

काका वहाणा शोधू लागले. काकू आधीच दारात उभी होती, डबा पिशवीत, गोळी डब्यावर, आणि डोक्याला बांधायला मच्छरदाणीचे दोन तुकडे, तिनंच शिवलेले.

"दोन कशाला?" काका म्हणाले.

"एक तुम्हाला, एक मला," काकू म्हणाली. "चला, सिन्नरची जीप भरली की थांबत नाय."